टायमर मध्येच शून्यावर येतोय? आधी त्याच्या डावीकडची ब्रँच बघा

सकाळच्या शिफ्टला मशीन सुरळीत चालतं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर टायमर अर्ध्यातून शून्यावर यायला लागतो. पॅनेल बंद करून चालू केलं की थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा तेच. अशी तक्रार आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, टायमर गेलाय." मी आजवर अशा कामांवर गेलो त्यात पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल कंट्रोलरच्या) आतला टायमर खराब निघालेला मला एकदाही आढळलेला नाही. तो रेलवर बसवलेला, कॉन्टॅक्ट जळणारा टायमर नव्हे. मेमरीतली एक जागा आहे. ती मध्येच शून्यावर येते तेव्हा तिला चालू ठेवणारी अट कुठेतरी तुटलेली असते, मग ती एका स्कॅनपुरती, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका फेरीपुरती का असेना. त्यामुळे शोध घ्यायचा तो लॅडरमध्ये (प्रोग्रॅमच्या आकृतीत) टायमरच्या डावीकडे काय काय जोडलंय याचा, आणि समांतर ब्रँच, म्हणजे बाजूची वाट, नेमकी कुठून निघते व कुठे येऊन मिळते याचा.

भोसरी एमआयडीसीतल्या एका युनिटमधलं उदाहरण घेऊन सांगतो, कारण या एकाच मशीनवर टायमरचे आणि ब्रँचचे जवळपास सगळे घोळ एकामागोमाग दिसले.

मशीन म्हणजे रबर मोल्डिंगची हायड्रॉलिक प्रेस. मोल्डमध्ये रबर भरायचं, सायकल स्टार्ट दाबायचं, प्लॅटन (दाबणारी प्लेट) बंद होतं, प्रेशर १५० किलोवर गेलं की पंप थांबतो, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह प्रेशर धरून ठेवतो आणि ३०० सेकंद क्युरिंग (रबर शिजून पक्कं होणं) होतं. वेळ संपली की प्रेस आपोआप उघडते. पीएलसी मित्सुबिशीचा एफएक्स३यू. इनपुट असे: एक्स१ स्टॉप बटण, एक्स२ प्रेशर स्विच, एक्स३ प्लॅटन बंद झाल्याचा लिमिट स्विच, एक्स४ प्लॅटन पूर्ण उघडल्याचा लिमिट स्विच, एक्स५ रिसेट बटण. क्युरिंगचा टायमर टी०.

मूळ प्रोग्रॅममध्ये टायमरची ओळ अगदी साधी होती. इन्स्ट्रक्शन लिस्टमध्ये, म्हणजे लॅडर शब्दांत लिहिलं की, ती अशी दिसते (एलडी म्हणजे ओळीचा पहिला कॉन्टॅक्ट, अँड म्हणजे त्याच्या पुढे जोडलेला; पुढे येणारा ओआर म्हणजे समांतर, एएनआय म्हणजे पुढे जोडलेला पण उलटा):

एलडी एक्स३
अँड एक्स२
आउट टी० के३०००

टी० हा १०० मिलिसेकंदांचा टायमर, म्हणून के३००० म्हणजे ३०० सेकंद. प्लॅटन बंद आहे आणि प्रेशर आहे, तर वेळ मोज. वाचायला अगदी बरोबर. मशीन नवीन असताना कित्येक महिने ते बरोबर चाललंही.

मग दुपारच्या सायकली लांबायला लागल्या. पाच मिनिटांत उघडणारी प्रेस कधी आठ मिनिटं घ्यायची, कधी उघडायचीच नाही. ऑपरेटर घड्याळ बघून मॅन्युअलवर उघडायचा. जास्त शिजलेला माल कडक आणि ठिसूळ होऊन बाजूला पडायचा. मी पोहोचायच्या आधी प्रेशर स्विच बदलून झाला होता. त्याहून वाईट म्हणजे कोणीतरी "टी० खराब झाला असेल" म्हणून त्याच्या जागी टी२०० टाकून पाहिला होता. एफएक्समध्ये टी२०० ते टी२४५ हे १० मिलिसेकंदांचे टायमर आहेत. के३००० तसाच राहिला, त्यामुळे ३०० सेकंदांचे ३० सेकंद झाले आणि दोन सायकलींचा माल कच्चा निघाला. टायमरचा नंबर बदलणं म्हणजे बल्ब बदलण्यासारखं नाही. नंबरबरोबर टाइम बेसही बदलतो. एफएक्स३यूमध्ये टी० ते टी१९९ हे १०० मिलिसेकंदांचे, टी२०० ते टी२४५ हे १० चे, टी२४६ ते टी२४९ हे १ मिलिसेकंदाचे पण आकडा राखून ठेवणारे, टी२५० ते टी२५५ हे १०० चे आणि तेही राखणारे, आणि टी२५६ च्या पुढचे १ मिलिसेकंदाचे. ही यादी पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. मी ठेवतो.

टायमर कधी पडतो ते डोळ्यांनी पकडणं

लॅपटॉप लावून ऑनलाइन मॉनिटरवर बसलो. सकाळी दोन तास काहीच नाही: आकडा शांतपणे ३००० वर जातोय, प्रेस उघडतेय. दीडनंतर टी० चा आकडा २३८७ पर्यंत गेला आणि डोळ्यांदेखत ० झाला. त्याच वेळी पंप सुरू झाल्याचा आवाज आला, साधारण दोन सेकंदांत बंद झाला आणि आकडा पुन्हा १, २, ३ करत निघाला. उत्तर तिथेच मिळालं.

दुपारपर्यंत तेल तापतं, पातळ होतं आणि सिलिंडरच्या जुन्या सीलमधून जास्त झिरपतं. सकाळी प्रेशर सहा-सात मिनिटं टिकायचं, म्हणजे ३०० सेकंद आरामात निघायचे. दुपारी ते चार मिनिटांत इतकं उतरायचं की प्रेशर स्विच सुटायचा. पंप लगेच प्रेशर भरून काढायचा, पण तेवढ्या दोन सेकंदांत एक्स२ तुटल्यामुळे टायमर शून्यावर. पुन्हा चार मिनिटं, पुन्हा शून्य. प्रेशर २४० सेकंदांवर सुटत असेल तर ३०० सेकंद कधीच पूर्ण होणार नाहीत. प्रेस दिवसभर बंद राहिली तरी प्रोग्रॅम आपल्या परीने बरोबरच वागतोय.

इथे तुटण्याचा काळ दोन सेकंदांचा होता म्हणून तो दिसला. पण प्रॉक्सी (वस्तू जवळ आली की लागणारा सेन्सर) किंवा सैल वायर काही मिलिसेकंदांसाठी सुटत असेल तर मॉनिटरवर तुम्हाला काहीच कळणार नाही, कारण स्क्रीन तेवढ्या वेगाने ताजी होत नाही आणि पीएलसीचा स्कॅन मात्र तेवढ्यात एकदा-दोनदा होऊन गेलेला असतो. त्यासाठी प्रोग्रॅममध्येच एक सापळा लावायचा:

एलडीएफ एक्स२
अँड एक्स३
एएनआय टी०
आयएनसी डी२००
मूव्ह टी० डी२०१

एलडीएफ म्हणजे एक्स२ चालूचा बंद होतो त्या एकाच स्कॅनपुरता लागणारा कॉन्टॅक्ट. प्लॅटन बंद असताना आणि वेळ संपायच्या आधी प्रेशर सुटलं, की डी२०० मध्ये एक वाढतो आणि त्या क्षणी टायमर कितीवर होता तो आकडा डी२०१ मध्ये जातो. डी२०० पासूनचे रजिस्टर मूळ सेटिंगमध्ये वीज गेली तरी आकडा राखतात, म्हणून डी१०० न घेता तेच घ्या.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. ही ओळ टायमरच्या ओळीच्या वर लिहायची. पीएलसी आधी सगळे इनपुट वाचतो, मग प्रोग्रॅम वरून खाली चालवतो, मग आउटपुट बाहेर देतो. ज्या स्कॅनमध्ये एक्स२ तुटला, त्या स्कॅनमध्ये वरच्या ओळींना टी० चा जुना आकडा अजून दिसतो. टायमरची ओळ आल्यावर तो शून्य होतो. सापळा खाली लावलात तर डी२०१ मध्ये प्रत्येक वेळी ० मिळेल आणि तुम्ही म्हणाल की टायमर सुरूच होत नव्हता. मी एका ठिकाणी असा खाली लावलेला सापळा बघून बराच वेळ चुकीच्या दिशेने शोध घेतला जाताना पाहिलाय.

दुरुस्ती: होल्डिंगची ब्रँच

प्रोसेसच्या दृष्टीने विचार केला तर दोन सेकंद प्रेशर थोडं उतरल्याने क्युरिंग पहिल्यापासून सुरू करायचं काही कारण नाही. क्युरिंग "सुरू झालं" हे प्रेशर स्विचने सांगावं. "सुरू आहे" हे त्याने सांगायची गरज नाही. ही दोन वेगळी कामं एकाच कॉन्टॅक्टवर टाकली की असा घोळ होतो. वेगळी करायला होल्डिंग लागतं, म्हणजे समांतर ब्रँच:

एलडी एक्स२
ओआर एम१०
अँड एक्स३
अँड एक्स१
आउट एम१०

एलडी एम१०
आउट टी० के३०००

एक्स२ एकदा लागला की एम१० (पीएलसीच्या आतला मेमरी बिट) येतो, आणि एम१० चा स्वतःचा कॉन्टॅक्ट एक्स२ ला समांतर असल्यामुळे पुढे एक्स२ सुटला तरी एम१० टिकतो. प्लॅटन हललं किंवा स्टॉप दाबलं, तर मात्र सुटतो. टायमरला आता एकच अट, एम१०. तुमच्याही प्रोग्रॅममध्ये हीच सवय लावा: टायमरच्या ओळीत पाच-सहा कॉन्टॅक्ट घालू नका. अटी सगळ्या एका एम मध्ये गोळा करा आणि टायमरला तेवढा एकच एम द्या. मॉनिटर करताना कोणती अट तुटली ते एका नजरेत कळतं.

स्टॉपचं बटण एनसी (एरवी जोडलेलं, दाबलं की तुटणारं) आहे, तरी एक्स१ चा कॉन्टॅक्ट मी एनओ (इनपुट चालू असला की जोडणारा) घेतलाय, हे नीट पाहून घ्या. बटण दाबलेलं नसताना वायरमधून २४ व्होल्ट येत असतात, म्हणून एक्स१ चालू असतो. दाबलं, किंवा वायर तुटली, की तो बंद होतो आणि मशीन थांबतं. नवीन मुलं बटण एनसी आहे म्हणून लॅडरमध्येही एनसी टाकतात आणि मशीन सुरूच होत नाही. मग कोणीतरी बटणाचं वायरिंगच एनओ करून टाकतं. हे कधीही करू नका. त्या दिवसापासून स्टॉपची वायर तुटली तरी कोणाला पत्ता लागणार नाही, आणि गरजेच्या वेळी बटण दाबून काहीही होणार नाही. इमर्जन्सी स्टॉप तर पीएलसीच्या भरवशावर सोडायचाच नसतो. तो कॉन्टॅक्टरची आणि सोलेनॉइडची सप्लाय वायरिंगनेच तोडणारा हवा.

ब्रँच चुकीच्या जागी मिटली तर

पहिली प्रेस दुरुस्त झाली. तिच्यासारखीच दुसरी प्रेस शेजारी होती. तिथल्या माणसाने लॅपटॉपवर बघून तीच ओळ स्वतः काढली आणि दुसऱ्या दिवशी नवीन तक्रार आली: पहिली सायकल बरोबर होते, त्यानंतर स्टार्ट दाबलं की प्लॅटन थोडंसं हलतं आणि बंद व्हायच्या आधीच परत उघडतं. पॅनेल बंद-चालू केलं की पुन्हा एकच सायकल बरोबर.

त्याची ओळ अशी निघाली:

एलडी एक्स२
अँड एक्स३
अँड एक्स१
ओआर एम१०
आउट एम१०

कॉन्टॅक्ट तेच, संख्या तीच. फरक एवढाच की ओआर एम१० दुसऱ्या ओळीत असायला हवा होता तो दोन ओळी खाली गेला. लॅडरवर बघाल तर एम१० ची ब्रँच एक्स२ च्या लगेच पुढे न मिळता थेट कॉइलच्या (ओळीच्या शेवटच्या आउटच्या) तोंडाशी जाऊन मिळालीय. म्हणजे एम१० ने प्रेशर स्विचबरोबर लिमिट स्विचलाही वळसा घातला आणि स्टॉप बटणालाही. एकदा एम१० आला की त्याला सोडवणारं जगात काही उरलं नाही, वीज जाण्याखेरीज. प्रेस उघडली तरी एम१० चालू, टी० पूर्ण झालेला तसाच, आणि उघडण्याची आज्ञा कायम. म्हणून पुढच्या सायकलला प्लॅटन हललं रे हललं की ते परत उघडायचं. त्या प्रेसवर इमर्जन्सी वायरिंगनेच होती म्हणून निभावलं.

माऊसने ब्रँच ओढताना ती एक-दोन चौकोन पुढे जाणं फार सोपं आहे. त्यामुळे होल्डिंगची ओळ काढून झाली की मी स्वतःला मोठ्याने विचारतो: हा होल्डिंग कॉन्टॅक्ट कोणाकोणाला वळसा घालतोय? उत्तरात फक्त सुरू करणारी गोष्ट आली पाहिजे. थांबवणाऱ्या गोष्टीचं एकही नाव आलं तर ब्रँच चुकली. आणि शंका असेल तर ती ओळ इन्स्ट्रक्शनमध्ये कागदावर लिहून काढा. चित्रात ब्रँच कुठे मिटली हे डोळ्याला फसवतं. एलडी, ओआर, अँड अशा क्रमाने लिहिलं की ओआर कोणत्या अँडच्या आधी आहे ते लपत नाही.

प्रेशर खरंच गेलं तर काय?

होल्डिंग टाकल्याने एक नवा धोका तयार होतो आणि तो सोडून पुढे जाणं बरोबर नाही. क्युरिंग चालू असताना होज फुटला किंवा पंपाचा ओव्हरलोड ट्रिप झाला, तर प्रेशर शून्यावर जाईल, एम१० मात्र टिकून राहील, टायमर ३०० सेकंद पूर्ण करेल आणि खराब माल चांगल्या मालात मिसळेल. म्हणून दुसरा टायमर:

एलडी एम१०
एएनआय एक्स२
आउट टी१ के१००

एलडी टी१
ओआर एम२०
एएनआय एक्स५
आउट एम२०

क्युरिंग चालू असताना प्रेशर सलग १० सेकंद नसेल तर एम२० येतो, हूटर वाजतो. पंप दोन सेकंदांत प्रेशर भरून काढतो तेव्हा टी१ आपोआप शून्यावर येतो आणि काही होत नाही. टी० च्या ज्या स्वभावाने छळलं, तोच स्वभाव इथे आपल्याला हवा आहे. एम१० च्या ओळीत, अँड एक्स१ च्या खाली, एएनआय एम२० घातलं म्हणजे अलार्म आल्यावर क्युरिंगही तुटतं. मग ऑपरेटरने आधी मॅन्युअलवर प्रेस उघडून माल वेगळा काढायचा आणि त्यानंतरच रिसेट दाबायचं. १० सेकंद हा आकडा मी क्वालिटीच्या माणसाला विचारून ठरवला. प्रोसेसचा आकडा प्रोग्रॅमरने मनाने घालू नये.

या ठिकाणी एका सहकाऱ्याने आकडा राखणारा टायमर सुचवला होता, म्हणजे टी२५०. प्रेशर असेल तेवढाच वेळ मोजायचा, नसेल तेव्हा थांबायचं, पण शून्यावर यायचं नाही. कल्पना चुकीची नाही. काही प्रोसेसला तीच हवी. पण त्याला शून्य करायला वेगळी आरएसटीची (रिसेटची) ओळ लागते, आणि वीज गेली तरी तो जुना आकडा धरून बसतो. १८० सेकंदांवर वीज गेली, कोणी मॅन्युअलवर माल काढला, नवीन माल भरला आणि रिसेटची अट नीट लिहिलेली नसली, तर नव्या मालाला १२० सेकंदच मिळतील. टी२५० वापरणार असाल तर प्लॅटन उघडं असलं की तो शून्य झालाच पाहिजे:

एलडीआय एक्स३
आरएसटी टी२५०

टायमर संपल्यावर काम अर्धवट राहतं

हे मूळ प्रोग्रॅममध्ये सुदैवाने बरोबर होतं, पण इतर ठिकाणी हमखास चुकलेलं दिसतं. टी० पूर्ण झाला, त्याच्या कॉन्टॅक्टने थेट उघडण्याचा सोलेनॉइड चालू केला. प्लॅटन काही मिलिमीटर हललं, एक्स३ सुटला, एम१० गेला, टी० शून्यावर आला आणि सोलेनॉइडही बंद. प्रेस जराशी उघडून थांबली. टायमरचा कॉन्टॅक्ट ही सूचना आहे, तिच्यावर काम पूर्ण होईपर्यंत विसंबायचं नसतं. सूचना धरून ठेवायला पुन्हा होल्डिंगच:

एलडी टी०
ओआर एम११
एएनआय एक्स४
अँड एक्स१
आउट एम११

एम११ उघडण्याचं काम पूर्ण होईपर्यंत, म्हणजे एक्स४ लागेपर्यंत टिकतो. ओआर कुठे आहे ते पुन्हा बघा: टी० च्या लगेच खाली, दोन्ही थांबवणाऱ्या अटींच्या आधी.

याच कुळातल्या बाकीच्या तक्रारी

टायमरचा आकडा ० वरच अडकलाय किंवा एका जागी थरथरतोय: तोच टायमर दुसऱ्या ओळीत आउट केलेला असतो. वरची ओळ चालू करते, खालची प्रत्येक स्कॅनला शून्य करते. एखादा एम किंवा वाय (बाहेर जाणारं आउटपुट) दोन ठिकाणी आउट केला तर शेवटची ओळ जिंकते. ऑटोची ओळ वर आणि मॅन्युअलची खाली असेल तर ऑटोमध्ये आउटपुट येतच नाही, जरी मॉनिटरवर वरची ओळ पूर्ण निळी दिसत असली तरी. ऑटो आणि मॅन्युअल दोन्ही अटी समांतर ब्रँचने एकाच कॉइलवर आणा. सॉफ्टवेअरच्या प्रोग्रॅम चेकमध्ये दुहेरी कॉइल शोधायची सोय आहे, ती प्रत्येक डाउनलोडच्या आधी चालवा.

सबरूटीनमध्ये टायमर असेल आणि सबरूटीन कधी बोलावली जाते, कधी नाही, तर वेळ वेडीवाकडी होते. एफएक्समध्ये सबरूटीनसाठी टी१९२ ते टी१९९ राखून ठेवलेत. मी तरी टायमर मुख्य प्रोग्रॅममध्येच ठेवतो.

सीमेन्सच्या एस७-१२०० वर टायमरची ओळ कॉपी-पेस्ट केली की दोन्ही टायमर एकाच इन्स्टन्स डेटा ब्लॉकवर (टायमरचे आकडे साठवणाऱ्या जागेवर) चालायची शक्यता असते. लक्षण अगदी वर सांगितलेल्या दुहेरी टायमरचं. प्रत्येक टायमरला त्याचा स्वतःचा डेटा ब्लॉक आहे ना, ते क्रॉस रेफरन्समध्ये बघा. जुन्या एस७-२०० वर आणखी एक गंमत आहे: स्वतःच्याच एनसी कॉन्टॅक्टने स्वतःला शून्य करणारा टायमर टी३७ वर चालतो, टी३२ वर दगा देतो. टी३२ आणि टी९६ हे १ मिलिसेकंदाचे टायमर स्कॅनच्या मध्येच कुठेही अद्ययावत होतात, तर टी३७ सारखे १०० मिलिसेकंदांचे टायमर आपली ओळ आल्यावरच. टी३२ ची वेळ पुढच्या ओळी वाचून व्हायच्या आधी किंवा नंतर नेमकी कुठे भरेल याचा भरवसा नाही, त्यामुळे पल्स कधी दिसते, कधी हरवते. अशा ठिकाणी टायमरने आधी एक आउटपुट बिट चालू करावा आणि त्या बिटच्या एनसी कॉन्टॅक्टने टायमर शून्य करावा.

अॅलन-ब्रॅडलीवर टीओएफ, म्हणजे ऑफ डिले टायमरला, आरईएस इन्स्ट्रक्शन लावू नका. तसं करू नये असं त्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय.

प्रॉक्सी लुकलुकतो म्हणून टायमर पडत असेल तर तिथे एम१० सारखं कायमचं होल्डिंग बरोबर नाही, कारण वस्तू खरंच गेली तर ते कळायला हवं. तिथे थोड्या वेळाचं होल्डिंग लागतं. एफएक्सवर ते असं करतात:

एलडी एक्स६
ओआर एम१२
एएनआय टी२
आउट एम१२

एलडी एम१२
एएनआय एक्स६
आउट टी२ के५

प्रॉक्सी अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ सुटला तर एम१२ ला कळतही नाही. त्याहून जास्त सुटला तर टी२ पूर्ण होऊन एम१२ सोडतो. पुढच्या प्रोग्रॅममध्ये एक्स६ ऐवजी एम१२ वापरायचा. त्याआधी प्रॉक्सीचं ब्रॅकेट आणि अंतर मात्र बघून घ्या, कारण खिळखिळ्या ब्रॅकेटवर प्रोग्रॅमचा उपाय फार दिवस टिकत नाही.

आणि ज्यांच्याकडे जुन्या रिले पॅनेलचं ड्रॉइंग पीएलसीवर आणायचं काम येतं त्यांच्यासाठी: रिले पॅनेलमध्ये दोन समांतर वाटांच्या मधोमध उभा कॉन्टॅक्ट असायचा आणि करंट त्यातून वर किंवा खाली, दोन्हीकडे जायचा. लॅडरमध्ये वाट डावीकडून उजवीकडेच वाचली जाते. तो उभा कॉन्टॅक्ट जसाच्या तसा काढता येत नाही. लॅडरच्या डाव्या उभ्या रेषेपासून कॉइलपर्यंत किती वाटा निघतात त्या बोटाने मोजा आणि प्रत्येक वाट वेगळी ब्रँच म्हणून लिहा. कॉन्टॅक्ट दोनदा लिहावा लागला तरी चालतो. कॉइल मात्र एकदाच.

तपासणी आणि पुढे

नवीन प्रोग्रॅम टाकल्यावर मोल्ड रिकामा ठेवून तीन गोष्टी करून पाहिल्या. रिलीफ व्हॉल्व्ह नीट सेट आहे हे आधीच बघितलं होतं, कारण प्रेशर स्विच काढला की पंप तेवढा वेळ त्याच्यावरच चालणार. क्युरिंग चालू असताना एक्स२ ची वायर टर्मिनलवरून दोन सेकंद काढली: टी० चा आकडा पुढे चालू राहिला. पुन्हा काढली आणि काढूनच ठेवली: दहाव्या सेकंदाला हूटर वाजला. तिसऱ्यांदा सायकल सुरू करून स्टॉप दाबलं: एम१० गेला, टी० शून्य. हीच तपासणी नंतर शेजारच्या प्रेसवरही केली, स्टॉपची तर दोनदा.

तेलाचा आणि सीलचा प्रश्न प्रोग्रॅमने सुटलेला नव्हता, हे मालकांना स्पष्ट सांगितलं. सील बदललं, तेलाच्या कूलरची जाळी साफ केली. डी२०० चा सापळा मात्र काढला नाही. तो आता ऑपरेटरच्या स्क्रीनवर दिसतो; सकाळी शून्य करायचा आणि शिफ्ट संपताना नोंदवहीत लिहायचा. नवीन सीलवर तो आकडा दिवसभर ० किंवा १ असायचा. तो रोजच वाढायला लागला की मेंटेनन्सवाले टायमरकडे बघत नाहीत, सीलचा सेट मागवतात.